पहिल्या क्रूझवरचा स्पा आणि जहाजावरची रात्र : जोडप्याने काय धरून चालावे

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचे म्हणणे थोडक्यात असे आहे. लग्नाला दीड वर्ष झाले असून डिसेंबरात दोघे सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझवर जाणार आहेत. जहाज मलेशियातल्या पेनांगला आणि थायलंडमधल्या फुकेतला थांबून परत येणार आहे. यजमानांना दोघांसाठी ‘कपल मसाज’ आगाऊ बुक करायचा आहे आणि मद्याचे पॅकेजही, म्हणजे दिवसाच्या ठरावीक दरात पेये देणारी योजना, घ्यावेसे वाटते. ताई मद्य घेत नाहीत, परक्या माणसासमोर कपडे उतरवण्याचा त्यांना संकोच वाटतो, आणि रात्री जहाजावर नेमके काय चालते, तिथे आपण अवघडून तर जाणार नाही ना, अशी धास्तीही आहे. ‘एवढे पैसे भरून काय अपेक्षा ठेवावी?’ असे त्यांनी शेवटी विचारले आहे.

स्पामध्ये काय मिळते आणि डिस्को किती वाजता बंद होतो, एवढेच हवे असते तर उत्तर चार ओळींत संपले असते. पण मला खरी अडचण वेगळी दिसते. स्पा आणि रात्रीचे कार्यक्रम या दोन्ही गोष्टी तिकिटाबाहेरच्या पैशांना हात घालतात, दोन्ही त्याच थकलेल्या शरीराकडून काही मागतात, आणि दोघांची आवड सारखी नसताना ‘सगळे मिळूनच करायचे’ असा हट्ट धरला की चार रात्री हां हां म्हणता निघून जातात. म्हणून काय काय असते ते सांगण्याबरोबर ते कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आणि कोणी करावे, हेही सांगणार आहे.

मी नऊ वर्षे परदेशी प्रवासी जहाजांवरच्या स्पामध्ये काम केले. त्यांतील पहिली सहा वर्षे मी थेरपिस्ट होते आणि पुढे स्पाचे वेळापत्रक व माणसे सांभाळत होते. शेवटची दोन कंत्राटे सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर झाली, त्यामुळे तुमच्या मार्गाची मला चांगली माहिती आहे. तरीही जहाज कोणते, कंपनी कोणती, प्रवास किती रात्रींचा आणि सहप्रवासी कोण, यांवर बरेच अवलंबून असते. भूमध्य समुद्रातल्या चौदा रात्रींच्या सफरीवर निवृत्त मंडळी अधिक असतात आणि साडेदहानंतर बहुतेक मजले शांत होतात. तीन-चार रात्रींच्या सफरीवर तरुण जोडपी, मित्रांचे गट आणि कुटुंबे असल्यामुळे गजबज उशिरापर्यंत टिकते. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या जहाजांवर हिंदी गाण्यांचा डीजे, हिंदी कार्यक्रम आणि मोठे कौटुंबिक गट असा माहोल असतो. सिंगापूरहून जाताना चिनी, मलय, ऑस्ट्रेलियन आणि भारतीय असे मिश्र प्रवासी भेटतात. तुम्हाला मिळेल ते वातावरण साधारण असेच असेल.

आधी स्पाबद्दल सांगते, कारण तुमचा संकोच तिथे आहे आणि तो अगदी रास्त आहे.

कपल मसाज म्हणजे एका खोलीत शेजारी शेजारी दोन टेबले आणि दोन थेरपिस्ट. दोघांना एकाच वेळी, एकाच पद्धतीचा किंवा वेगवेगळ्या पद्धतींचा मसाज दिला जातो. वेळ बहुधा ५० मिनिटांचा असतो. यात नवराबायकोने एकमेकांना काही करायचे नसते आणि बोलत राहण्याचेही बंधन नसते. बरीच जोडपी पंधराव्या मिनिटाला गाढ झोपलेली असतात. अंगावर सतत चादर असते. ज्या भागावर काम चालू असेल तेवढाच भाग उघडला जातो आणि काम झाले की झाकला जातो. कपडे बदलताना थेरपिस्ट खोलीबाहेर जाते. अंतर्वस्त्रे घालूनच टेबलावर झोपायचे असेल तर तसे करता येते, आणि बहुतेक स्पामध्ये वापरून टाकून द्यायची अंतर्वस्त्रेही मिळतात. पोटाला हात लावू नका, छातीच्या आसपास नको, फक्त पाठ आणि पाय हवेत, असे सांगितले तर कोणीही कारण विचारत नाही. थेरपिस्ट स्त्री हवी की पुरुष हेही बुकिंग करतानाच सांगता येते. मात्र जहाजावर पुरुष थेरपिस्ट कमी असल्यामुळे यजमानांना पुरुष हवा असेल तर ते आधीच कळवावे लागते.

सुरुवातीला एक फॉर्म भरून घेतात. तो कंटाळवाणा वाटला तरी खरे लिहून द्या. रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, त्वचेचे विकार, चालू औषधे आणि गर्भारपण यांची त्यात विचारणा असते. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक स्पा मसाज देत नाहीत, आणि पाळीची तारीख पुढे गेल्यामुळे नुसती शंका असली तरी ते सांगणे बरे. पाळी सुरू असल्यास मसाज घेता येतो, मात्र पोटाकडचा भाग वगळायला सांगावे. मंगळसूत्र आणि बांगड्या यांविषयी मला मराठी प्रवाशांनी अनेकदा विचारले आहे. साध्या तेलाच्या मसाजात मंगळसूत्र न काढता मानेच्या एका बाजूला घेऊन मी कितीतरी वेळा काम केले आहे. गरम दगडांच्या मसाजात मात्र ते काढावेच लागते, कारण धातू तापून कातडीला चटका बसू शकतो. काढायचे असेल तर खोलीतल्या तिजोरीत ठेवून या, स्पाच्या खुंटीवर ठेवू नका. हातावर ताजी मेंदी असेल तर मिठाचा स्क्रब, म्हणजे मिठाने अंग घासणे, टाळा, रंग पार उतरतो. वॅक्सिंग केलेल्या दिवशीही तो टाळावा, फार झोंबतो.

इथे एक प्रसंग सांगावासा वाटतो, कारण तुमचा प्रश्न वाचताना तोच डोळ्यांपुढे आला. सिंगापूरच्याच एका फेरीत स्पाच्या प्रतीक्षाकक्षात एक नवविवाहित जोडपे बसले होते. मी मराठी आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. ती हळू आवाजात म्हणत होती, ‘‘मला नाही जमणार, तू जा एकटा.’’ तो म्हणाला, ‘‘अगं, पैसे भरलेत आता, पन्नास मिनिटांचा तर प्रश्न आहे.’’ त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याने हौसेने आधीच पैसे भरले होते आणि आता ते वाया जाणार याचा त्याला ताण आला होता. मी त्यांच्याशी मराठीत बोलले तेव्हा आधी दोघेही ओशाळले, पण मग मोकळेपणाने बोलू लागले. तिच्यासाठी आम्ही तोच वेळ पायांच्या मसाजात बदलून दिला. त्यात आरामखुर्चीवर बसायचे असते आणि सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली की पुरते. त्याला पाठीचा मसाज मिळाला. दोघे एकाच वेळी बाहेर आले आणि दोघांचेही चेहरे शांत होते. म्हणून यजमानांना माझी मनापासून विनंती आहे की, या गोष्टीतली गंमत आश्चर्याचा धक्का देण्यात ठेवू नका. ताईंना विचारूनच बुक करा. स्पामध्ये ‘बदलून द्या’ म्हणणे अगदी सर्वसामान्य आहे. वेळ रद्द करायची असेल तर बहुतेक ठिकाणी २४ तास आधी सांगावे लागते, नाहीतर पैसे कापले जातात.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती कोणी लिहीत नाही. काही पुरुष प्रवासी मसाजबद्दल भलत्याच समजुती घेऊन येतात. जहाजावरचा स्पा हे प्रशिक्षित लोकांचे काम आहे. आम्ही शरीररचना शिकतो, परीक्षा देतो आणि दिवसाला सात-आठ जणांना हाताने मसाज देतो. अवांतर सूचना किंवा स्पर्श झाला तर थेरपिस्ट काम तिथेच थांबवते, पैसे परत मिळत नाहीत आणि सुरक्षा विभागाला कळवले जाते. तुमच्या यजमानांबद्दल मला शंका नाही. पण ताईंच्या मनात ‘तिथे नेमके काय चालते’ अशी जी अस्पष्ट भीती आहे, ती दूर व्हावी म्हणून हे लिहिले.

स्पाच्या दुसऱ्या भागाला ‘थर्मल सूट’ म्हणतात. तिथे वाफेची खोली, सौना म्हणजे कोरड्या उष्णतेची खोली, कोमट फरशीच्या आरामखुर्च्या आणि कधी कधी लहान तलाव असतो. तिथे स्त्रीपुरुष एकत्र असतात आणि सिंगापूरच्या जहाजांवर पोहण्याचे कपडे घालणे बंधनकारक असते. जर्मन प्रवाशांसाठीच्या काही जहाजांवर सौना विनावस्त्र असतो, पण तुमच्या मार्गावर त्याची धास्ती बाळगू नका. हा पास दिवसाचा किंवा पूर्ण सफरीचा मिळतो, आणि गर्दी होऊ नये म्हणून तो मोजक्याच लोकांना विकला जातो. ताईंना पूर्ण बाह्यांचा, गुडघ्याखालपर्यंतचा पोहण्याचा पोशाख चालत असेल तर दोघांनी निवांत, बोलत, हात धरून बसायला मसाजपेक्षा हीच जागा मला अधिक जोडप्याची वाटते. चार रात्रींच्या सफरीत एका दिवसाचा पास पुरेसा आहे.

आता खर्च. जहाजावर ५० मिनिटांच्या मसाजाला माणशी दीडशे अमेरिकी डॉलर आणि त्याहून अधिक धरून चाला. समजा दोघांचे तीनशे झाले, तर त्यावर बहुतेक ठिकाणी १८ टक्के सेवाशुल्क आपोआप लागते, म्हणजे ३५४ डॉलर. बिलावर खाली आणखी एक ‘टिप’ची मोकळी ओळ असते, ती भरण्याचे बंधन नाही. १८ टक्के आधीच घेतलेले असतात. मसाज संपल्यावर थेरपिस्ट एका कागदावर समुद्री शेवाळाची भुकटी, तेले आणि क्रीम लिहून देते आणि ते खरेदी करण्याचा आग्रह होतो. हा आग्रह मीही केला आहे, आणि त्याचे कारण सांगते. जहाजावरचा स्पा बहुधा वेगळ्या कंपनीकडे चालवायला दिलेला असतो आणि थेरपिस्टची कमाई मोठ्या प्रमाणात कमिशनवर असते. विक्रीचा आकडा रोज सकाळी फलकावर लागतो आणि घरापासून सात-आठ महिने दूर असलेल्या मुलीला त्या आकड्याची भीती वाटते. त्यामुळे तिच्यावर रागावू नका, पण घ्यायचे नसेल तर फॉर्मवर सुरुवातीलाच ‘उत्पादनांची माहिती नको’ असे लिहा. तिचा वेळ वाचतो, तुमची शेवटची दहा मिनिटे शांत जातात, आणि तिला त्याचे वाईट वाटत नाही, हे मी खात्रीने सांगते.

पहिल्या दिवशी दुपारी स्पामध्ये मोफत फेरफटका आणि सोडत असते. जरूर जा, खोल्या बघा, प्रश्न विचारा, पण तिथल्या तिथे काही विकत घेऊ नका. त्याच दुपारी सुरक्षाकवायत असते आणि ती सर्वांना सक्तीची आहे. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे प्रवासी जहाज बुडाल्यानंतर नियम कडक झाले आणि २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ही कवायत व्हावीच लागते. तेव्हा ती आधी आटपा.

एके काळी पोटापाण्यासाठी जहाजावरचाच मसाज विकलेल्या माणसाने सांगू नये अशी एक गोष्ट आता सांगते. तुम्ही फुकेतला जाणार आहात. थाई मसाज, म्हणजे ‘नुआद थाई’, २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आला आहे. तो तेल न लावता, सैल पायजमा आणि सदरा घालून, जमिनीवरच्या गादीवर देतात. अंगावरचे कपडे उतरत नाहीत, दोन गाद्या शेजारी शेजारी असतात आणि तासाला तीन-चारशे बाथ (थायलंडचे चलन), म्हणजे जहाजावरच्या दराच्या अगदी थोड्या भागात तो मिळतो. ताईंचा संकोच आणि यजमानांची हौस, दोन्हींची सोय यात होते. फक्त तो जोरकस असतो, हातपाय ओढले जातात, म्हणून ‘हळू’ असे सुरुवातीलाच सांगा. दरफलक बाहेर लावलेला आणि आतली गादी रस्त्यावरून दिसणारी, अशी जागा निवडा. फुकेतच्या पातोंग किनाऱ्यासमोर जहाज नांगर टाकते तेव्हा किनाऱ्यावर छोट्या बोटींनी जावे लागते आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ ठरलेली असते. मसाज त्याआधी दीड-दोन तास संपला पाहिजे.

आता रात्रीचे कार्यक्रम. इथे तुमची भीती माझ्या मते अनाठायी आहे, पण अपेक्षाही थोडी वेगळी ठेवायला हवी.

जहाजावरची रात्र म्हणजे केवळ डिस्को नव्हे. साधारण सात-आठपासून मोठ्या नाट्यगृहात पाऊण तासाचा गाण्याचा, नाचाचा किंवा कसरतींचा प्रयोग असतो. तो तिकिटात धरलेला असतो आणि दोन वेळा होतो, म्हणजे जेवणाची पाळी कोणतीही असली तरी बघता येतो. त्यानंतर एकेका मजल्यावर वेगवेगळे कार्यक्रम चालतात. पियानो, छोटा वाद्यवृंद, प्रश्नमंजूषा, कराओके, तलावाकाठी सिनेमा आणि कधी कानाला हेडफोन लावून नाचण्याची ‘सायलेंट डिस्को’. नाइटक्लब साडेदहा-अकराला उघडतो, बारापर्यंत जवळजवळ रिकामा असतो आणि दोनच्या सुमारास ओस पडतो. अकरा वाजता जाऊन ‘इथे तर कोणीच नाही’ म्हणत परतणारी जोडपी मी दर फेरीत पाहिली आहेत. नाचायचे असेल तर बाराला जा. मुंबईत किंवा पुण्यात क्लबला जाणाऱ्यांना जहाजाचा क्लब लहान वाटेल. जे कधीच गेले नाहीत त्यांच्यासाठी तो फार सौम्य आणि सुरक्षित ठिकाण आहे, कारण दारात धक्काबुक्की नाही, परतीच्या टॅक्सीची चिंता नाही आणि आपली खोली चार मजल्यांच्या अंतरावर आहे.

मद्य न घेणाऱ्या माणसाकडे जहाजावर कोणी वळूनही बघत नाही. मीही घेत नाही, आणि नऊ वर्षांत एकदाही कोणी आग्रह केला नाही. लिंबूसोडा किंवा मॉकटेल हातात असले की झाले, आणि ते नसले तरी चालते. साधे पाणी, चहा, कॉफी बुफेमध्ये मिळतात. सोडा आणि शीतपेयांना मात्र पैसे पडतात.

मद्याच्या पॅकेजवर जरा थांबून विचार करा, कारण तुमच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक इथे होऊ शकते. रॉयल कॅरिबियनसह अनेक कंपन्यांचा नियम असा की एका खोलीतल्या एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले तर त्या खोलीतल्या सर्व प्रौढांना ते घ्यावे लागते. दुसरी व्यक्ती पीत नसेल तर फोन करून, तिच्यासाठी फक्त बिनमद्याचे पॅकेज द्यावे अशी विनंती करता येते. ती मान्य झाली तर लेखी मागून घ्या. हिशोब असा बघा : पॅकेजचा दर दिवसाला ८० डॉलर धरला तर १८ टक्के मिळवून साधारण ९४ डॉलर होतात, आणि दोघांचे चार दिवसांचे ७५५ च्या घरात जातात. यजमान रोज संध्याकाळी तीन पेले घेतात असे मानू. एक पेला १४ डॉलरचा, शुल्कासह साडेसोळा, तर चार दिवसांचे १९८ डॉलर झाले. तुमच्या दोघांसाठी सुटे घेणेच शहाणपणाचे आहे. शिवाय पॅकेज घेतले की ‘वसूल’ करण्याची ओढ लागते आणि त्याचे परिणाम दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर दिसतात. मद्यासाठी वयाची अट आशियातून सुटणाऱ्या रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर १८ आहे. कॅसिनोही १८ वरच्यांसाठी असतो आणि जहाज बंदरात असताना तो बंद राहतो. कॅसिनोत जाताना सिगारेटच्या धुराची तयारी ठेवा, आणि जितके हरलात तरी चालेल तेवढेच पैसे बाजूला काढून घेऊन जा.

जहाजावर रोख चालत नाही. खोलीचे कार्डच दाखवायचे आणि सगळे खात्यावर चढते. त्यामुळे खर्चाचे भान सुटते. रोज रात्री झोपण्यापूर्वी खोलीतल्या टीव्हीवर किंवा कंपनीच्या अॅपवर खाते बघण्याची सवय दोघांपैकी एकाने लावून घ्यावी.

पोशाखाबद्दलही धास्ती नको. मोठ्या भोजनगृहात एका संध्याकाळी जरा ठेवणीतले कपडे घालण्याची पद्धत असते आणि रेशमी साडी तिथे अतिशय शोभते. फक्त पदर दोन पिनांनी पक्का करा, कारण वरच्या डेकवर वारा जोरात असतो. उंच टाचांऐवजी सपाट किंवा रुंद टाचेची पादत्राणे न्या, जहाज थोडे जरी हलले तरी जिन्यावर पाय मुरगळतात.

हलण्याचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या मार्गाचे भाग्य असे की मलाक्काच्या सामुद्रधुनीला एका बाजूने सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूने मलाय द्वीपकल्प आडोसा देतात. डिसेंबरात दक्षिण चीन समुद्र खवळलेला असतो, पण तुमचे जहाज त्या बाजूला जात नाही आणि फुकेतकडे तर तेव्हा कोरडा हंगाम असतो. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून बोट लागण्याची गोळी बरोबर ठेवावी. भारतात बहुतेक लोक अॅव्होमिन घेतात, त्यात प्रोमेथाझिन असते, त्याने झोप येते आणि मद्यासोबत ते घेणे धोक्याचे आहे. गोळी घेतलेल्या रात्री यजमानांनी मद्य घेऊ नये. तसेच मद्य घेतल्यावर सौना, वाफ आणि गरम पाण्याचा टब पूर्ण वर्ज्य. रक्तदाब उतरतो, चक्कर येते. अशा दोन माणसांना आम्ही उचलून जहाजाच्या दवाखान्यात नेले आहे.

या सगळ्याचा मेळ कसा घालायचा तेही सांगते. सिंगापूरची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. जहाजावर रात्रीचे अकरा वाजले असतील तेव्हा तुमच्या शरीराचे साडेआठच वाजलेले असतात, आणि सकाळी सातचा गजर पहाटे साडेचारला झाल्यासारखा वाटतो. म्हणून पहिल्या रात्री झोप येणार नाही आणि सकाळचा स्पा मात्र नकोसा होईल. त्यात जर मुंबईहून रात्रीच्या विमानाने सकाळी उतरून थेट जहाज गाठणार असाल, तर पहिली संध्याकाळ पेंगण्यात जाते. जमल्यास एक दिवस आधी सिंगापूरला पोहोचा.

तुमच्या फेरीत बहुधा पहिला दिवस चढण्याचा, दुसरा पेनांगचा, तिसरा फुकेतचा आणि चौथा पूर्ण समुद्रावरचा असेल. मी तुमच्या जागी असते तर पहिल्या संध्याकाळी जहाज सुटताना वरच्या डेकवर उभी राहिले असते, नाट्यगृहातला प्रयोग पाहिला असता आणि क्लबकडे फिरकले नसते. पेनांगला उतरून जॉर्जटाउन पाहिले असते. स्पाचे बंदरातल्या दिवसाचे सवलतीचे दर मोहात पाडतात, पण त्यासाठी २००८ पासून जागतिक वारसा असलेले शहर सोडणे मला पटत नाही. आधी सिंगापूर-मलेशिया हिंडून झालेल्यांनी मात्र ती सवलत जरूर घ्यावी. तिसऱ्या दिवशी फुकेतला थाई मसाज, आणि जागरण करायचे असेल तर त्याच रात्री, कारण दुसऱ्या दिवशी कुठेही उतरायचे नसते आणि दहापर्यंत झोपता येते. चौथ्या दिवशी दुपारी तीन-चारला, हलके जेवण होऊन दोन तास गेल्यावर, थर्मल सूट किंवा ज्याला हवा त्याला मसाज. समुद्रावरच्या दिवशी दर सर्वांत जास्त असतो आणि जागा लवकर भरतात, म्हणून ही वेळ निघण्यापूर्वीच राखून ठेवा. कपल खोली जहाजावर एखाददुसरीच असते. फुकेतच्या उन्हात टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. भाजलेल्या कातडीवर कोणतीही थेरपिस्ट हात ठेवणार नाही आणि चौथ्या दिवसाचे बुकिंग वाया जाईल.

या वेळापत्रकात दोघांनी वेगळे होण्याची मुभा ठेवा. यजमान बारा वाजता तासभर नाचायला जातील आणि ताई कराओके बघत बसतील किंवा खोलीत वाचत पडतील, यात रुसण्यासारखे काही नाही. समुद्रावर आपले नेहमीचे मोबाइलचे जाळे मिळत नाही आणि वायफाय महाग असते, म्हणून ‘एक वाजता अमुक जिन्यापाशी’ असे आधी ठरवून घ्या. एकटीने फिरताना आपला पेला नजरेआड ठेवू नका, आणि कोणी नकोसे वागले तर खोलीच्या किंवा कोणत्याही मजल्यावरच्या फोनवरून स्वागतकक्षाला सांगा. सुरक्षारक्षक काही मिनिटांत येतो.

खोली अजून निवडायची असेल तर नकाशात तिच्या वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच आहेत ना, एवढे पाहा. क्लबच्या खाली किंवा नाट्यगृहाच्या वर असलेल्या खोलीत रात्री ढोल वाजत असल्यासारखा घुमारा येतो. बाल्कनी परवडत असेल तर घ्या. मलाक्काची सामुद्रधुनी जगातल्या सर्वांत वर्दळीच्या जलमार्गांपैकी एक आहे, आणि रात्री अकरानंतर बाल्कनीतून दूरवर मालवाहू जहाजांच्या दिव्यांची रांग सरकताना दिसते. बाल्कनी नसेल तर जहाजाच्या पुढच्या बाजूच्या उघड्या डेकवर जा. कप्तानाच्या कक्षातून समुद्र नीट दिसावा म्हणून तिकडे दिवे मंद ठेवतात, त्यामुळे आकाश स्वच्छ असेल तर तारे फार सुंदर दिसतात. काम आटपून मी रोज तिथे दहा मिनिटे उभी राहत असे. तिथे भेटलेल्या जोडप्यांना मी कधी घाईत पाहिले नाही.

शेवटच्या रात्रीची एक गोष्ट राहिली. उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा साधारण दहा-अकराच्या आत खोलीबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट बंदरावर मिळतात. सकाळचे कपडे, पासपोर्ट, औषधे आणि दागिने त्यांत जाणार नाहीत याची खात्री करा. खात्यावरचे आकडे त्याच रात्री तपासा. स्पाचे किंवा बारचे काही चुकून चढले असेल तर तेव्हाच स्वागतकक्षाला दाखवा, सकाळी तिथे लांब रांग असते.

ताईंनी फॉर्ममध्ये काय लिहावे किंवा कोणता मसाज टाळावा याबद्दल आणखी काही विचारायचे असेल, तर जहाजाचे नाव आणि काही दुखणे असल्यास तेही लिहून विचारा. मला जमेल तितके सांगेन.